तालमीला ओव्हरटाइम म्हणायचं

आईचं वर्ष होईपर्यंत घरात काही साजरं करायचं नाही, असं ठरलं. ठरवलं मी, बाबांनी नव्हे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

आई गेल्या वर्षी जूनमध्ये गेली. मी एकुलती एक. राहते शारजाला, रोल्लाच्या गजबजाटात, आणि नोकरी दुबईत, एका मालवाहतुकीच्या कंपनीत. नवरा अल ऐनला हॉस्पिटलात. तो शुक्रवारी रात्री उगवतो आणि शनिवार झोपून काढतो. बाबांना सांगलीत एकटं ठेवायचं माझ्या जिवावर आलं. "अगं, मला तिथं करमायचं नाही," असं ते म्हणत होते. मी ऐकते कसली! व्हिसा काढला, विमा काढला, लेकीची खोली रिकामी करून तिला हॉलमधल्या सोफ्यावर हलवलं आणि दसऱ्याच्या आत बाबांना घेऊन आले. इथेच ठेवायचं, कायमचं, असं माझ्या मनात पक्कं होतं.

बाबा दिवसा शाळेत गणित शिकवायचे आणि रात्री संगीत नाटकांना पेटीची साथ करायचे. गावात त्यांना गणितासाठी कोणी ओळखत नाही, पेटीवाले मास्तर म्हणूनच ओळखतात. प्रयोगाच्या दिवशी त्यांना कडक इस्त्रीचा शर्ट लागायचा. "पेटीवाल्याकडे कोण बघतंय? लोक बघणार नटीकडे," असं आई कुरकुरायची, पण इस्त्री करून द्यायची. तर सामान बांधताना बाबांनी विचारलं, "पेटी घेऊ का गं बरोबर?"

"बाबा, आईचं वर्ष व्हायचंय अजून," मी म्हटलं.

"बरं बरं," ते म्हणाले आणि पेटीवर एक जुनी चादर घालून आले.

दिवाळी आली. ज्या घरी वर्ष असतं तिथे फराळ करत नाहीत, लोक आणून देतात. शारजातल्या मराठी बायकांनी ही रीत इतकी मनापासून पाळली की आमच्या ओट्यावर डब्यांची चळत लागली. बाबा एकेक डबा उघडून बघत होते. मधेच म्हणाले, "आकाशकंदील तरी लावायचा होतास. तिला आवडायचा."

"लोक काय म्हणतील?" मी फटकन बोलले.

सातव्या मजल्यावरच्या आमच्या बाल्कनीकडे बघतंय कोण? समोर एक जिम आहे आणि एक दातांचा दवाखाना. पण मला दुःख नीट, नियमाने करायचं होतं. आईच्या आजारपणात मी रजा संपली म्हणून परत आलेली मुलगी. निदान वर्ष तरी चोख पाळू, असं काहीतरी डोक्यात होतं. टीव्ही लावायचा तो बातम्यांपुरता. गाणं अजिबात नाही. बाबा कधी कशाला नाही म्हणाले नाहीत, आणि मला वाटलं, त्यांनाही हेच हवंय.

आणि ही मी, एवढी नियमवाली, जानेवारीत नाटकात गेले.

झालं असं की आमच्या ऑफिसात हिशेबाकडे एक ब्रिटिश बाई आहेत. साठीच्या जवळपास आलेल्या, अर्धं आयुष्य दुबईत गेलेलं. त्या एक हौशी नाटकमंडळी चालवतात. त्यात गोव्याचे, केरळचे, फिलिपिनो, लेबनीज, सगळे. मी एकदा मशीनपाशी कॉफी घेताना गुणगुणत होते. काय गुणगुणत होते तेही आता आठवत नाही. बाई मागून म्हणाल्या, तुझा आवाज खालच्या पट्टीत छान लागतो, आम्हाला कोरसात तुझ्यासारखी हवी आहे. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "तालीम कधी असते?" खरंच सांगते, अगदी असंच झालं.

नाटक कुठलं, तर दुसरं महायुद्ध संपल्यावर काही वर्षांनी इंग्लंडात लिहिलेलं एक हसतंखेळतं संगीत नाटक. समुद्रकाठच्या गावात युद्धामुळे बंद पडलेलं एक चहाचं दुकान असतं. दोन तरुण पोरं ते पुन्हा उघडतात. संपली गोष्ट! खलनायक नाही, कोणी मरत नाही, सगळ्यात मोठं संकट म्हणजे उद्घाटनाच्या दिवशी केक फुगत नाही. पोस्टमन गातो, पाद्री गातो, नगराध्यक्षाची बायको टोपी सावरत नाचते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, काय हा बावळटपणा! मोठी माणसं पैसे देऊन हे बघतात? तर म्हणे तिकडे दर दोन-चार वर्षांनी कोणी ना कोणी हे नाटक काढतंच. कधी शाळेत, कधी चर्चच्या हॉलमध्ये. आमच्या बाईंनी स्वतः ते दुबईत आधी दोनदा केलं होतं, आणि दोन्ही वेळा लोक मध्यंतरात समोसे खाताखाताच चाली गुणगुणत होते.

आता घरी काय सांगायचं? 'आईला जाऊन वर्ष नाही झालं, आणि मी टोपी घालून नाचायला निघाले आहे,' हे वाक्य माझ्या तोंडून निघेना. म्हणून मी सांगितलं, ओव्हरटाइम आहे. मंगळवारी मी ऑफिसातून परस्परच तालमीला जायची आणि उशिराचं खापर शारजाच्या ट्रॅफिकवर फोडायची. त्या ट्रॅफिकच्या नावावर काहीही खपतं. शनिवारी मात्र दुपारी घरातूनच निघावं लागे.

"शनिवारीसुद्धा?" बाबांनी पहिल्यांदा विचारलं.

"कंटेनर अडकलेत, बाबा. पोर्टवर."

लेक सोफ्यावरून मोबाइलमधली मान वर न करता म्हणाली, "मॉम, जस्ट टेल हिम." मी तिच्याकडे डोळे वटारले. बाबांनी दोघींकडे बघितलं आणि पेपर उलटा घडी घालून बाजूला ठेवला.

नवऱ्याचंही तेच म्हणणं. "अगं, सांग की त्यांना. ते स्वतः नाटकवाले आहेत."

"म्हणूनच नाही सांगत," मी म्हटलं. याचा अर्थ काय होता, ते मला आजही सांगता यायचं नाही.

बाबांनी त्याच सुमारास एक नवीनच सुरू केलं. शुक्रवारी ते खालच्या लाँड्रीत त्यांचा पांढरा शर्ट इस्त्रीला टाकायला लागले. हा माणूस रोल्लात केळी घेतानाही दिरहमचे रुपये करून "अरे बापरे" म्हणणारा! "दो दिरहम? मतलब पचास रुपया हो गया, एक शर्ट का!" असं लाँड्रीवाल्याला दर वेळी ऐकवायचे आणि दर वेळी शर्ट टाकायचे. शनिवारी जेवण झालं की तो शर्ट घालून, भांग पाडून, चपला पायाशी घेऊन हॉलमधल्या खुर्चीत बसायचे. माझी पर्स, पाण्याची बाटली, गाडीची किल्ली अशी शोधाशोध चाललेली असायची.

"कुठे निघालात?" मी विचारायची.

"कुठे नाही. बसलोय आपला."

"मग घरात बसायला इस्त्री कशाला हो?"

"असंच. बरं वाटतं."

मास्तरकी अंगात मुरलेली, दुसरं काय, असं म्हणून मी दार ओढून घ्यायची. लिफ्टपाशी पोचेपर्यंत माझ्या तोंडात पहिलं गाणं सुरू झालेलं असायचं.

एकदा, फेब्रुवारीत, ते खुर्चीतून उठून दारापर्यंत आले. "मी येऊ का गाडीत? तुझं काम होईपर्यंत खाली कुठेतरी बसेन. तेवढंच फिरणं."

"ऑफिसात बाहेरच्यांना सोडत नाहीत, बाबा."

"असं का? बरं बरं."

लिफ्टमध्ये शिरल्यावर स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटली. पण तालमीला उशीर होत होता.

आणि तालमीत मजा यायची हो! हे लपवून काय उपयोग? आमच्यातला पोस्टमन झालेला केरळचा इंजिनियर सायकलवरून पडायचा तेव्हा मी पोट धरून हसायची. मग हसताहसता मधेच आठवायचं की बाबा आत्ता खुर्चीत बसले असतील, समोर आईचा फोटो, टीव्हीवर बातम्या. हसू तोंडातल्या तोंडात आंबट व्हायचं. पुढचं गाणं सुरू झालं की पुन्हा विसरायचं. जास्त वाईट काय, आठवणं की विसरणं, मला सांगता येत नाही.

त्या नाटकाच्या दुसऱ्या अंकात एक गाणं आहे. दुकानाच्या खिडक्यांना युद्धातले काळे पडदे तसेच लटकलेले असतात, विमानांना उजेड दिसू नये म्हणून लावलेले. युद्ध कधीच संपलेलं, पण पडदे काढायचं कोणाच्या मनात आलेलं नाही. मग सगळे गावकरी मिळून गात गात ते पडदे ओढून काढतात. चाल अगदी साधी, लहान मुलांना येईल अशी. तिसऱ्या ओळीत सूर एकदम खाली उतरतात. ते पायऱ्या उतरल्यासारखे एकेक सुटे यायला हवेत, आणि मी यायची घसरगुंडीवरून. आपल्या गळ्याला मींड घ्यायची सवय, काय करणार? बाई दर वेळी थांबवायच्या. मी दर वेळी माफी मागून पुन्हा घसरायची.

एकदा मी बाईंना विचारलंच, की या नाटकात असं आहे काय? इतकी वर्षं लोकांना हे का लागतं? तेव्हा त्यांनी आपल्या आजीची गोष्ट सांगितली. आजीचा नवरा युद्धात गेला होता आणि भाऊही. हे नाटक नवीन आलं तेव्हा कोणीतरी तिला ओढून नेलं. ती नाटकभर हसली, घरी आली आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीचा काळा पडदा काढून तिने त्याचा मुलीला झगा शिवला. बाई म्हणाल्या, त्या काळी नाटकघरात बसलेल्या प्रत्येकाच्या घरातलं कोणी ना कोणी गेलेलं होतं. त्यांना दुःख काय असतं ते नाटकाने सांगायची गरज नव्हती.

मला एकदम चपराक बसल्यासारखं झालं. म्हणजे मी ज्यांना बावळट समजत होते ती सगळी वर्ष व्हायचं असलेल्या घरांतली माणसं होती. ती विसरायला आली नव्हती, ती एकत्र बसून हसायला आली होती. म्हणून ते नाटक टिकलं. घराघरात कोणीतरी जातंच, आणि मागे उरलेल्यांना कोणीतरी हाताला धरून "चल" म्हणावं लागतं.

निदान हे ऐकल्यावर तरी मी घरी जाऊन बोलायला हवं होतं की नाही? गाडीत मी रडले. शारजाच्या जाममध्ये रडायला भरपूर वेळ मिळतो. घरी पोचले तर बाबांनी विचारलं, "सुटले का तुझे कंटेनर?"

"इन्शाल्ला, उद्या," मी म्हटलं आणि कणीक मळायला घेतली.

एप्रिलमध्ये एका सकाळी चहा पिताना बाबा म्हणाले, "तिचं वर्षश्राद्ध सांगलीलाच करावं म्हणतो. मी आधी जातो, तयारीला लागतो. तुम्ही जूनमध्ये या."

"एवढ्या लवकर कशाला?"

"इथं ऊन वाढेल आता."

प्रयोग मेच्या पहिल्या आठवड्यात होते. लागोपाठ तीन दिवस. त्या तीन दिवसांचा ओव्हरटाइम घरी कसा सांगायचा, या विचाराने माझी झोप उडाली होती. बाबा जातो म्हणाले तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, सांगू? सुटले! तोंडाने मी "बाबा, थांबा ना" असं म्हणत होते, आणि आत हे. माझ्या आवाजात ते ऐकू आलं असेल का, याचा विचार मी तेव्हा केला नाही. पेटीवाला माणूस, सूर लागला नाही तर त्याला कळतंच.

विमानतळावर ते म्हणाले, "परत यायचं काही नक्की धरू नकोस हं."

"असं कसं? सहा महिने बाहेर राहिलात तर व्हिसा खलास होईल. त्याआधी यायचंच."

"बघू," ते म्हणाले. लेकीला जवळ घेतलं. ती म्हणाली, "कम बॅक सून, आजोबा," आणि रडायला लागली. मी तिला म्हटलं, "अगं, दोन महिन्यांचा तर प्रश्न." दुसऱ्या दिवशी लाँड्रीवाला बेल वाजवून "अंकल का शर्ट" म्हणत त्यांचा पांढरा शर्ट देऊन गेला. जायच्या गडबडीतसुद्धा इस्त्रीला टाकला होता. मी तो कपाटात माझ्या साड्यांशेजारी लावून ठेवला.

प्रयोग छान झाले. काळ्या पडद्यांच्या गाण्याला लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आपल्याकडे अशा वेळी वन्स मोअर मिळतो. इथे बाईंनीच खूण केली आणि आम्ही शेवटचं कडवं पुन्हा गायलो. पहिल्या रांगेत एक म्हातारे इंग्रज गृहस्थ ओठ हलवत बरोबर म्हणत होते. त्यांना बहुतेक सगळं पाठ होतं. बाजूला त्यांची मुलगी असावी, तिने त्यांचा हात धरला होता. मी तिकडे बघायचं टाळलं. तिसऱ्या ओळीत नेहमीसारखी घसरले.

शेवटच्या प्रयोगानंतरच्या रविवारी सकाळी मी सांगलीला व्हिडिओ कॉल केला. मनाशी ठरवलं होतं, आज सगळं सांगायचं आणि बाबांचं जूनमधलं परतीचं तिकीटही पक्कं करायचं. त्यांनी फोन कशाला तरी टेकवून ठेवला होता. मागे पेटी दिसली. चादर काढलेली.

"बाबा, मला तुम्हाला काही सांगायचंय."

"थांब, आधी हे ऐक," ते म्हणाले आणि त्यांनी भाता ओढला.

ते काळ्या पडद्यांचं गाणं होतं. पहिली ओळ, दुसरी ओळ, जशीच्या तशी. तिसऱ्या ओळीला ते खाली उतरले ते पायऱ्यांवरून नाही, घसरगुंडीवरून. पेटीवर मींड निघत नाही, पण मधले सूर चटकन दाबून ती भासवता येते. बाबांनी माझी चूक सुरासुराने उचलली होती. ती चूक जगात दुसऱ्या कोणाच्या गळ्यात नाही.

"हे कुठे ऐकलंत?" मी विचारलं.

"तुझ्या ओट्यापाशी. कणीक मळताना रोज म्हणायचीस की. तुला कळायचंही नाही." त्यांनी भाता बंद केला. "चाल फार गोड आहे गं. दुःख झालेल्या माणसाने बांधलेली वाटते."

"बाबा, तो ओव्हरटाइम..."

"माहीत आहे. कंटेनर अडकलेला माणूस कणीक मळताना इतकं सुरात गुणगुणत नाही. आणि आठवड्यातून दोनदा ठरल्या वेळी माणूस तालमीलाच जातो, हे पेटीवाल्याला कळत नाही होय?"

"मग विचारलं का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून. नाही सांगितलंस. दार लागलं की लिफ्टपाशी तुझं गाणं सुरू व्हायचं, आत मला ऐकू यायचं. परत आलीस की माझ्यासमोर गप्प, ओट्यापाशी गुणगुणायचीस तेही नकळत. म्हटलं, आपण इथं आहोत तोवर हिला घरात मोकळं गाता यायचं नाही. वर्ष पाळायचं ते तुला हवं होतं म्हणून मी पाळलं हो. तुझ्या आईने मला एवढं गप्प कधी बसू दिलं नसतं."

मी म्हटलं, "जूनमध्ये माझ्याबरोबर परत चला. व्हिसा आहे अजून. पेटी घेऊन चला."

"बघू. इथं बरं चाललंय माझं."

मी कपाट उघडून फोन तिकडे वळवला. "तुमचा शर्ट राहिलाय इथे. इस्त्रीचा. दर शनिवारी घालून बसायचात तो."

"हां, तो होय." बाबा फोनजवळ आले आणि नीट बघून घेतला. "दर शनिवारी वाटायचं, आज म्हणेल, चला बाबा. मग नाटकाला काय बनियनवर यायचं होतं?"

आणि ते हसत पुन्हा पेटीकडे वळले.